पारखणाऱ्याची पारख



या व्यासपीठावर संतवाङ्मयावर, इतिहासावर आणि अर्थकारणावर अधिकारी माणसांची भाषणे होतात. कामगार संघटनेचा माणूस बोलावला म्हणजे तो बोनस, संप आणि नवे कायदे यांवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आज आम्ही त्यांपैकी कशावरही बोलणार नाही. आमचा प्रश्न वरवर अगदी क्षुल्लक वाटेल असा आहे. एखाद्या जाणत्या माणसाने एका वस्तूला पहिला, दुसरा किंवा तिसरा दर्जा दिला. तीच वस्तू त्याच माणसापुढे महिन्याभराने, न सांगता, पुन्हा ठेवली. तर तो पुन्हा तोच दर्जा देईल काय? आणि देत नसेल, तर त्याच्या शब्दावर कोणाची मजुरी, कोणाचे शाळेतले वर्ष, कोणाची भरपाई अवलंबून ठेवायची ती कितपत?

हा प्रश्न आम्हांला पुस्तकात सापडला नाही, तो फाउंड्रीत सापडला. पंधरासोळा वर्षे झाली असतील. एका कारखान्यात मोल्डिंगच्या कामगारांना नगावर मजुरी होती. तयार कास्टिंग इन्स्पेक्टरपुढे जाई आणि तो त्याचे तीन ढीग करी: पास, दुरुस्ती आणि बाद. बाद नगाची मजुरी नाही. कामगारांची तक्रार अशी की, इन्स्पेक्टर मालकाचा माणूस आहे, महिनाअखेर आली की बादचा ढीग वाढतो. मालकाचे म्हणणे असे की, त्या माणसाची नजर वीस वर्षांची आहे, तिच्यावर संशय घेणे हा अपमान आहे. दोन्ही बाजूंनी आवाज चढले. आम्हीही चढवला, हे कबूल केले पाहिजे.

शेवटी मॅनेजरने, बहुधा आम्हांला गप्प करण्यासाठी, एक गोष्ट मान्य केली. वीस कास्टिंग निवडायची, त्यांच्या आतल्या अंगाला सहज दिसणार नाही अशी पंचाने बारीक खूण करायची, आणि नेहमीच्या मालात मिसळून ती इन्स्पेक्टरपुढे सोडायची. त्याने काय ठरवले ते टिपून ठेवायचे, त्याची खडूची खूण पुसायची, आणि पंधरा दिवसांनी तीच वीस पुन्हा मालात मिसळायची. तसे केले. वीसांपैकी सात नगांचा दर्जा बदलला. पाच नग शेजारच्या ढिगात गेले, आणि दोन नग तर 'बाद'मधून थेट 'पास'मध्ये आले.

कामगारांनी टाळ्या वाजवल्या, पण आमच्या मनात काही निराळेच आले. इन्स्पेक्टरला ते नग कोणाच्या हातचे हे ठाऊकच नव्हते. पक्षपात करायला जागाच नव्हती. आम्ही ज्याला लबाड म्हणत होतो तो माणूस प्रामाणिक होता, आणि तरीही त्याचा शब्द भरवशाचा नव्हता. तो स्वतः ते कागद बराच वेळ पाहत बसला आणि म्हणाला, "मला वाटत होतं माझी नजर म्हणजे गेज आहे." मग त्यानेच मागणी केली की, खिडकीजवळ टेबल द्या, दिवे बदला आणि 'इथपर्यंत पास, इथून बाद' असे नमुन्याचे नग समोर टांगून ठेवा. पुढे बादचे प्रमाण फार कमी झाले असे नाही. भांडणे मात्र कमी झाली.

लबाडी आणि अस्थिरता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. लबाडी शोधायला जाल तर माणसे तुटतात. अस्थिरता मोजायला जाल तर ती मोजून घेणारा माणूसच कधीकधी तुमच्या मदतीला येतो. साहित्याच्या चर्चेत 'पुनःप्रत्ययाचा आनंद' असा शब्द येतो. आम्ही तोच शब्द या कामासाठी घेतो. तीच वस्तू, तीच नजर, पुन्हा तोच निकाल, हा पुनःप्रत्यय. तो किती आहे हे मोजता येते.

आता कोणी म्हणेल, हे लोखंडाचे झाले. शिकल्यासवरल्या लोकांत असे होत नसेल. म्हणून परीक्षांचे उदाहरण घेऊ. सर फिलिप हार्टॉग हे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. आपल्या देशातील शिक्षणाविषयी १९२९ साली ज्या समितीचा अहवाल निघाला, तिचेही ते अध्यक्ष होते. पुढे इंग्लंडात त्यांनी ऱ्होड्स या संख्याशास्त्रज्ञाबरोबर परीक्षांचीच परीक्षा घेतली आणि ती १९३५ साली प्रसिद्ध केली. शालान्त परीक्षेतल्या इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका त्यांनी घेतल्या. मूळ परीक्षेत या सर्वांना सारखेच, मध्यम गुण मिळालेले होते. अनुभवी परीक्षकांनी त्या तपासल्या. नंतर, बारा ते एकोणीस महिन्यांच्या अंतराने, त्यांपैकी चौदा परीक्षकांनी त्याच उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या. नापास, पास, आणि पासाच्या वरचा दर्जा, असे तीन निकाल देता येत होते. चौदा परीक्षक आणि पंधरा पत्रिका, म्हणजे २१० निकालांच्या जोड्या. त्यांपैकी ९२ ठिकाणी परीक्षकाने स्वतःचाच पहिला निकाल बदलला! दुसऱ्या परीक्षकाशी मतभेद नव्हे, स्वतःशीच. आमच्या इन्स्पेक्टरचे वीसांत सात. या विद्वानांचे शंभरात सुमारे चव्वेचाळीस. अर्थात या पत्रिका मुद्दाम एकसारख्या निवडलेल्या होत्या, त्यामुळे काम अवघड होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. त्या मुद्द्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

परंतु ज्यासाठी आम्ही आज उभे आहोत ती गोष्ट कास्टिंगची नाही आणि उत्तरपत्रिकेचीही नाही. ती छातीच्या फोटोची आहे. फाउंड्रीत वाळू असते, फेटलिंगच्या वेळी ती वाळू धूळ होऊन हवेत उडते, आणि वर्षानुवर्षे ती फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो. दगडखाणीत तेच, काच आणि चिनीमातीच्या कामात तेच. हा रोग बरा होत नाही. कायद्याने तो व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घातलेला आहे. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यातही तिसऱ्या परिशिष्टात धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगांना जागा मिळाली होती. पण यादीत रोगाचे नाव असणे निराळे आणि तो या माणसाला झाला आहे असे कोणी लिहून देणे निराळे. ते लिहून देण्याचा मोठा आधार म्हणजे छातीचा एक्सरे.

हा एक्सरे वाचण्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एक वर्गवारी केली आहे. फोटोत जे बारीक ठिपके दिसतात त्यांच्या दाटीप्रमाणे चार मुख्य पायऱ्या: शून्य, एक, दोन, तीन. डॉक्टरने फोटो नुसता पाहून पायरी सांगायची नसते. संघटनेने दिलेले नमुन्याचे फोटो शेजारी ठेवून, त्यांच्याशी ताडून सांगायची असते. आमच्या इन्स्पेक्टरने टांगून मागितलेले नमुन्याचे नग आठवावेत! पुढे या चार पायऱ्यांच्या बारा उपपायऱ्या झाल्या, आणि त्यांत एक मोठी प्रामाणिक युक्ती आहे. डॉक्टर दोन आकडे लिहितो. पहिला आकडा त्याच्या निर्णयाचा आणि दुसरा त्याच्या शंकेचा. '१/०' याचा अर्थ, मी एक ठरवली आहे, परंतु शून्याचा गंभीरपणे विचार केला होता. '०/१' याचा अर्थ, मी शून्य ठरवली आहे, परंतु एकीचा विचार केला होता. न्यायाधीशांनी, परीक्षकांनी आणि (आमच्यासारख्या) पुढाऱ्यांनीही आपले निकाल असे दोन आकड्यांत लिहिले असते, तर किती बरे झाले असते!

पण पाहा, '०/१' आणि '१/०' यांत अंतर ते केवढे? एकाच माणसाच्या एकाच दोलायमान मनाची ती दोन टोके. आणि अमेरिकेत कोळसा खाणकामगारांच्या भरपाईचे जे नियम आहेत त्यांत '१/०' हा रोगाचा पुरावा धरला जातो आणि '०/१' धरला जात नाही. खाणकामगाराचे उरलेले आयुष्य त्या एका उपपायरीवर तोललेले असते.

ही अस्थिरता प्रथम शास्त्रज्ञांनीच उघड केली, हे त्यांच्या मोठेपणाचे लक्षण आहे. १९४७ साली अमेरिकेत क्षयाच्या फोटोंवर यरुशाल्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम प्रसिद्ध झाले. ज्या फोटोंत दोष आहे असे म्हटले गेले होते, त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश फोटोंबाबत दोन वाचकांचे जमत नव्हते, आणि सुमारे एकपंचमांशाबाबत एकाच वाचकाचे स्वतःशीच जमत नव्हते. त्याच सुमारास वेल्समध्ये, कार्डिफजवळ, ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळाने १९४५ साली खाणकामगारांच्या फुप्फुसरोगासाठी खास केंद्र काढले होते. त्याचे संचालक चार्ल्स फ्लेचर आणि त्यांचे सहकारी ओल्डहॅम यांनी १९४९ साली कोळशाच्या रोगाविषयी हाच प्रश्न मांडला आणि नमुन्याच्या फोटोंचा आग्रह धरला. तिथे याला आणखी एक धार होती. १९४३ च्या योजनेप्रमाणे, रोग आहे असे प्रमाणपत्र मिळालेल्या खाणकामगाराला खाण सोडावी लागे, आणि वेल्सच्या त्या दऱ्यांत खाणीशिवाय दुसरे काम ते कोठे होते? पायरी जास्त लिहिली तर रोजगार गेला, कमी लिहिली तर भरपाई गेली. चूक कोणत्याही बाजूला झाली तरी ती कामगाराच्याच अंगावर.

आता मोजायचे कसे ते सांगू. आमचे शालेय शिक्षण नववीत थांबले. हे गणित आम्ही एका कॉलेजातल्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांच्या ओट्यावर बसून शिकलो. आम्हांला समजले ते कोणालाही समजेल.

समजा, एका डॉक्टरने शंभर फोटो दोनदा वाचले. दोन्ही वेळा त्याने ८० फोटोंना 'रोग नाही' म्हटले आणि २० ना 'रोग आहे' म्हटले. पहिल्या आणि दुसऱ्या वाचनाचे ८४ फोटोंबाबत जमले. शंभरात चौऱ्याऐंशी! मालकाचा वकील हा आकडा घेऊन उभा राहील आणि म्हणेल, यापेक्षा काय हवे? पण जरा थांबा. या डॉक्टरने डोळे मिटून, चिठ्ठ्या टाकून, ८० ना नाही आणि २० ना आहे म्हटले असते, तरी योगायोगाने किती जमले असते? 'नाही'बाबत ८० टक्क्यांचे ८० टक्के म्हणजे ६४, 'आहे'बाबत २० टक्क्यांचे २० टक्के म्हणजे ४. एकूण ६८. म्हणजे ६८ तर फुकटचे! योगायोगाच्या वर मिळवण्याजोगे होते ३२, आणि डॉक्टरने मिळवले १६. निम्मे. जेकब कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० साली हेच माप सुचवले आणि त्याला 'कप्पा' हे ग्रीक अक्षराचे नाव दिले. आपल्याला ते लक्षात ठेवायला सोपे. फोटो ज्या कप्प्यात टाकला त्याच कप्प्यात पुन्हा पडतो की नाही, याचे ते माप. आमच्या उदाहरणात कप्पा ०.५ आला.

यातली माणसे पाहा. पहिल्या वाचनात ज्या वीस जणांना 'आहे' म्हटले, त्यांपैकी दुसऱ्यांदा फक्त बारा उरले. आठ जणांचा रोग दोन वाचनांच्या मध्ये नाहीसा झाला, आणि दुसऱ्या आठ निरोगी माणसांना तो जडला. 'चौऱ्याऐंशी टक्के' या भारदस्त शब्दाखाली ही सोळा माणसे झाकली गेली होती.

दोनच कप्पे असतील तोवर एवढे पुरते. पायऱ्या अधिक असल्या की आणखी एक प्रश्न येतो: न जमणे किती दूरचे? एका डॉक्टरची सोळा वाचने शेजारच्या पायरीवर घसरली आणि दुसऱ्याची सोळा वाचने शून्यावरून थेट तिसरीवर गेली, तर दोघांना सारखेच दोषी धरणे हा अन्याय होईल. म्हणून कोहेनने १९६८ साली चुकांना वजन दिले. नेहमीची रीत अंतराच्या वर्गाची: एक पायरी चुकली तर १, दोन चुकल्या तर ४, तीन चुकल्या तर ९. मग पहिल्याच्या खाती १६ आणि दुसऱ्याच्या खाती १४४. आमच्या इन्स्पेक्टरचे ते दोन नग, बादमधून पासमध्ये आलेले, याच हिशेबाने आम्हांला सर्वांत जास्त बोचले होते. हे वजन कोणते घ्यावे हे मात्र गणित सांगत नाही, ते माणसांनीच ठरवायचे असते. आणि ठरवताना खोलीत कामगाराचा कोणी असावा, असे आमचे मत आहे.

आता आपल्या पंचगंगेच्या घाटावर चला. पावसाळ्यात लोक पायऱ्यांवरून पाणी सांगतात: आज पाणी अमुक पायरीला लागले. पाणी काही पायरीपायरीने चढत नाही, ते सलग चढते. पायऱ्या माणसाने बांधल्या. आणि पायऱ्या सगळ्या सारख्या उंचीच्या असतात असेही नाही. म्हणून पहिली आणि तिसरी यांची बेरीज करून निम्मे केले की दुसरी येते, हा हिशेब खोटा आहे. रोगाचेही तसेच. फुप्फुसातली धूळ सलग वाढते, '१' आणि '२' या आपण बांधलेल्या पायऱ्या. शिवाय पाण्यावर लाटा असतात. पाणी पायरीच्या मधोमध असेल तर लाट आली तरी पायरी तीच राहते. कडेला असेल तर एका लाटेला ही आणि दुसऱ्या लाटेला ती. वाचणाऱ्याच्या नजरेतली थरथर म्हणजे ही लाट. १९८० साली मॅक्युलाघ या शास्त्रज्ञाने अशा पायऱ्यांच्या आकड्यांसाठी जी रीत सविस्तर मांडली, तिच्यामागे हीच कल्पना आहे: दिसणाऱ्या पायऱ्यांखाली न दिसणारी सलग पातळी धरायची, पायऱ्यांची उंची आकड्यांवरूनच काढायची. मग एकच फोटो अनेकदा वाचलेला असेल, तर एकूण चढउतारांत खऱ्या पाण्याचा वाटा किती आणि लाटांचा किती, हे वेगळे करता येते. खऱ्या पाण्याचा वाटा म्हणजे पुनःप्रत्यय.

यातून एक बारीक गोष्ट निघते, जी मोठमोठ्या अहवालांत विसरलेली आढळते. हा वाटा नुसत्या डॉक्टरचा गुण नाही. ज्या लोकांचे फोटो वाचले त्यांच्यातला फरक कमी असेल, तर त्याच डॉक्टरच्या त्याच लाटा मोठ्या दिसतात. हार्टॉगच्या पत्रिका एकसारख्या होत्या, म्हणून तिथे परीक्षक अधिक डळमळले. म्हणून कोणी आम्हांला सांगितले की 'आमच्या वाचकाचा पुनःप्रत्यय ०.९ आहे', तर आमचा पहिला प्रश्न असतो: कोणाचे फोटो घेऊन काढला? अर्धे ठणठणीत कारकून आणि अर्धे मरणाच्या दारातले दगडफोडे घेतले, तर कोणीही ०.९ काढील. भांडण असते ते मधल्या लोकांचे. फोटो त्यांचे हवेत.

आणि दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पुनःप्रत्यय म्हणजे सत्य नव्हे. २०१३ साली अमेरिकेत वार्ताहरांनी एका नामांकित डॉक्टरचे दप्तर शोधून काढले. खाणकामगारांच्या दीड हजारांहून अधिक दाव्यांत त्याने फोटो वाचले होते, आणि एकातही त्याला रोगाचे गंभीर रूप दिसले नव्हते. त्याच्या संस्थेने ते काम तेव्हा थांबवले आणि पुढे बंद केले. त्या डॉक्टरची आमच्या रीतीने परीक्षा घेतली असती, तर गंभीर रोगाच्या प्रश्नावर त्याचे स्वतःशी शंभर टक्के जमले असते! बंद पडलेले घड्याळ दर वेळी एकच वेळ दाखवते. योगायोग वजा करणारा कप्पा इथे निदान फसत नाही. जो सगळ्यांनाच 'नाही' म्हणतो त्याच्या बाबतीत योगायोगाच्या वर मिळवण्याजोगे काही उरतच नाही, आणि हिशेब शून्याला शून्याने भागण्यापाशी येऊन थांबतो. म्हणून एका वाचकाचे स्वतःशी जमणे आणि त्याचे इतरांशी जमणे, दोन्ही पाहावे लागते, आणि आधी ज्यांचे निदान पक्के झाले आहे असे फोटो गुपचूप मिसळून ठेवावे लागतात. अमेरिकेत १९७४ पासून या वाचनासाठी 'बी रीडर' नावाची परवाना पद्धत आहे. तो परवाना एकदा मिळाला की कायमचा नसतो, ठराविक वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते.

आमच्या संघटनेचे एक सभासद होते, फेटलिंगवर बावीस वर्षे काम केलेले. त्यांचा फोटो एका मंडळापुढे वाचला गेला आणि 'रोग आहे' असा शेरा आला. पुढे कागद गहाळ झाले. तोच फोटो, त्याच डॉक्टरपुढे, सात महिन्यांनी पुन्हा गेला आणि 'रोग नाही' असा शेरा आला. ते दोन्ही शेरे हातात घेऊन आमच्या कचेरीत आले आणि म्हणाले, "अण्णा, फोटो त्योच, छाती बी तीच. मग आजार गेला कुठं?" पूर्वीचे आम्ही असतो तर मोर्चा काढला असता आणि त्या डॉक्टरला विकला गेलेला ठरवला असता. आम्ही त्यांची भेट घेतली. भले गृहस्थ होते. एका दिवसात किती फोटो वाचावे लागतात ते त्यांनी दाखवले, आणि आमची मागणी त्यांनीच कागदावर नीट लिहून दिली: फोटो तिघांनी वाचावा, एकमेकांशी न बोलता. आधीचा शेरा आणि माणसाचे नाव झाकलेले असावे. गठ्ठ्यात जुने वाचलेले फोटो मिसळलेले असावेत. आणि सरासरी न काढता मधला शेरा धरावा.

मंडळाने एवढ्या एका प्रकरणापुरते ते मानले. तीन वाचने आली: ०/१, १/०, १/१. मधले १/०. भरपाईचा हुकूम झाला, आणि तो घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते ऑक्सिजनवर होते. कागद त्यांनी मुलाकडून वाचून घेतला. मग आम्हांला विचारले, "मधला म्हंजे खरा असतोय का, अण्णा?" आम्ही म्हणालो, "खरा असतोच असं नाही. पण पुन्हा वाचला तर बदलायचा संभव कमी." त्यांनी मान हलवली आणि हुकूम उशाखाली ठेवायला सांगितला. बाकीच्यांसाठी ती पद्धत लागू करावी म्हणून आमचा अर्ज त्या मंडळाकडे आजही पडून आहे.